क्लच कुणी जाळला? पाण्याच्या कॅनच्या एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात पारडीच्या पुढे, भंडारा रोडला लागून पाण्याचा एक प्लांट आहे. बोअरचं पाणी आरओ करायचं, थंड करायचं, वीस लिटरच्या कॅनमध्ये भरायचं आणि दुकानं उघडायच्या सुमारास दारात पोचवायचं, असा धंदा. मालक पन्नाशीतले. प्लांट आणि उधारी ते बघतात, गाड्या पुतण्याकडे आहेत. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि एकदोन तपशील किंचित हलवले आहेत. आकडे त्यांच्याच वहीतले, गोळाबेरीज करून घेतलेले. छोट्या वाहतूकदारांच्या देखभालीचे हिशेब पाहणं हे माझं काम असल्याने हे प्रकरण माझ्याकडे आलं.

दोन पिकअप. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. डिझेल, पाच गिअर, मॅन्युअल, क्षमता १.३ टन. एक गाडी शहरात फिरते: वर्धमान नगर, इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग आणि सेंट्रल अव्हेन्यूच्या दोन्ही बाजू. गिऱ्हाइकं साठ-पासष्ट, कुणाला एक कॅन, कुणाला तीन. दुसरी आउटर रिंग रोडने वर्धा रोडला निघते आणि बुटीबोरी एमआयडीसीत पाच-सहा कारखान्यांना माल टाकून परत येते. पहिली दिवसाला चाळीसेक किलोमीटर चालते, दुसरी ऐंशीच्या वर.

अडचण

शहरातल्या गाडीचा क्लच दर आठ-नऊ महिन्यांनी जात होता. बुटीबोरीच्या गाडीचा क्लच अडीच वर्षांत एकदाही उघडावा लागला नव्हता. म्हणजे निम्मं चालणारी गाडी तिप्पट वेगाने क्लच खात होती.

तिसऱ्यांदा गेला तो मे महिन्यात, भर हंगामात, टेलिफोन एक्स्चेंज चौकाच्या सिग्नलवर. अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलेना. केबिनमध्ये जळका वास. मागे पाऊणशे कॅन, बाहेर पंचेचाळीस अंशाचं ऊन. त्या दिवशी भाड्याचा छोटा हाथी बोलावून कॅन त्यात हलवले आणि गाडी ओढून गॅरेजला नेली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून प्लेट हातात दिली तेव्हा तिचं लायनिंग, म्हणजे वरचं घासणारं अस्तर, रिव्हेटपर्यंत घासलेलं होतं आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबते त्या इंजिनाच्या चाकावर, निळे-काळे डाग पडले होते. हे डाग उष्णतेचे. लोखंड निळं पडेपर्यंत तापलं होतं.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, फ्लायव्हीलचं फेसिंग आणि मजुरी मिळून दर वेळी दहा-बारा हजार. त्यावर दोन दिवसांची भाड्याची गाडी आणि वेळेवर पाणी न पोचल्याने तुटलेलं एखादं गिऱ्हाईक. हे शेवटचं नुकसान वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरी अडचण माणसाची होती. शहरातली गाडी चालवणारे ड्रायव्हर पंचावन्नच्या पुढचे. प्लांटवर सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांचा डावा गुडघा सुजायला लागला होता. डॉक्टरांनी क्लचची गाडी कमी करा म्हणून सांगितलं होतं. काकाजींनी ते मालकांना एका वाक्यात कळवलं: "भाऊ, पाय दाबून दाबून गुडघा गेला माझा, आता तुम्हीच पाहा काय करायचं त."

मालकांनी पाहिलं ते उलट बाजूने. मिस्त्री म्हणाला होता, "पाय क्लचवर ठेवूनच चालवते हा माणूस, प्लेट नाही जळन त काय होईन." त्यावरून क्लचचा निम्मा खर्च पगारातून कापायचं मालकांच्या मनात आलं. आधीचा ड्रायव्हर अशाच वादातून सोडून गेला होता. त्याच्याही हातात क्लच जळलाच होता, पण ही गोष्ट त्या वेळी कुणी जोडून पाहिली नाही.

पुतण्याचं म्हणणं वेगळं. तो मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ पाहणारा. तिकडे सगळ्या पिकअप ऑटोमॅटिक, मग आपण अजून क्लच का दाबत बसलो आहोत, हा त्याचा प्रश्न. निरीक्षण चूक नव्हतं. फोर्डच्या एफ-१५० मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स २००८ नंतर मिळाला नाही. रॅमच्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये तो २०१८ पर्यंत टिकला आणि मग गेला. टोयोटाच्या टकोमात अजून मिळतो, पण असे अपवाद बोटावर मोजण्याइतके. "ऑटोमॅटिक घेऊन टाकू, क्लचही नाही अन् काकाजींचा गुडघाही नाही," असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

निर्णयाचा पहिला टप्पा: आधी मोजणी

पगार कापण्याचा आणि शोरूमला जाण्याचा, असे दोन्ही बेत दोन आठवडे लांबवायला मी सांगितलं. क्लच किलोमीटरने झिजत नाही. तो झिजतो घसरताना, म्हणजे इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलेली आहेत अशा क्षणी दोन्हींचा वेग जुळवताना. एकदा पेडल पूर्ण सुटलं की प्लेट आणि फ्लायव्हील एकत्र फिरतात, मग वर्धा रोडवर शंभर किलोमीटर चालवा नाहीतर दोनशे, झीज जवळपास शून्य. म्हणून मोजायचं ते, गाडी उभ्याची किती वेळा उठवली.

पुतण्या वही घेऊन काकाजींच्या शेजारी बसला. गाडी थांबून पुन्हा हलली की एक रेघ, पाचवी रेघ आडवी. इतवारीत गेल्यावर त्याला मान वर करायला फुरसत मिळेना. समोर हातगाडी, तिच्यापुढे ई-रिक्षा, त्यापुढे पोती उतरवणारा ट्रक. गाडी दोन हात सरकायची, थांबायची, पुन्हा दोन हात. सकाळच्या फेरीत तीनशेच्या वर रेघा झाल्या. गिऱ्हाइकं साठ-पासष्ट, म्हणजे बाकीचं सगळं नुसतं सरकणं. दुसऱ्या दिवशी तो बुटीबोरीच्या गाडीत बसला, तर सगळी फेरी संपून सत्तरही रेघा नाहीत. किलोमीटरमागे धरलं तर शहरात सात-आठ, तिकडे एकही पुरती नाही.

मग ड्रायव्हरांची अदलाबदल केली. बुटीबोरीचा तरणा ड्रायव्हर आठवडाभर शहरात, काकाजी बुटीबोरीला. तीन दिवसांतच तरण्याचं म्हणणं आलं, "राजेहो, ही लाइन कोणी केली? माह्या पायाले गोळे येऊन राहिले." तोही इतवारीत पाय क्लचवरच ठेवत होता. ठेवल्याशिवाय तिथे भागतच नाही.

मोजणीतून मालकांना न आवडणारी एक गोष्टही निघाली. पाणी आणि कॅन मिळून वजन बावीस किलोच्या आसपास. सत्तर कॅन म्हणजे दीड टनाच्या वर, आणि गाडी १.३ टनांची. मे महिन्यात तर पंचाहत्तर कॅन जात. वजन जितकं जास्त, तितका प्रत्येक उठावाला क्लच जास्त वेळ घसरणार. शिवाय काकाजी भरलेली गाडी पुष्कळदा सेकंडमध्ये उठवत. पहिला गिअर टाकला की लगेच बदलावा लागतो, मग तो कशाला टाकायचा, हे त्यांचं गणित. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालून जातं. भरल्या गाडीत दिवसाला तीनशे वेळा नाही चालत.

म्हणजे क्लच जाळणारे तीन: लाइन (म्हणजे फेरीचा रस्ता), ओव्हरलोड आणि सेकंडमध्ये उठवायची सवय. आणि याच क्रमाने. पगार कापण्याचा विषय तिथे मिटला.

पर्याय

पहिला पर्याय पुतण्याचा, ऑटोमॅटिक पिकअप. आपल्याकडे त्या वेळी शोरूममध्ये ज्या ऑटोमॅटिक पिकअप दिसल्या त्या दोन: इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. दोन्हींत टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरांचा बॉक्स. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घासणारी प्लेट गाडी उठवत नाही, तेल उठवतं. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, ते गिअरबॉक्सकडच्या पंख्याला फिरवतं, आणि मधला तिसरा भाग परतणारं तेल वळवून ताकद वाढवून देतो. जागेवरून उठताना चाकाकडे जाणारा जोर दुपटीच्या आसपास वाढू शकतो. दोन हात सरकायचं असेल तर ब्रेक सोडला की पुरे. रेघा तीनशे होवोत की पाचशे, जळायला लायनिंग मधे नाही. मोठ्या रस्त्यावर वेग धरला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, म्हणजे तेलातली घसरण थांबते.

ही यंत्रणा इतवारीच्या कामाला मॅन्युअलपेक्षा चांगली आहे, यात मला शंका नाही. ऑटोमॅटिक म्हणजे ताकद कमी, हा आपल्याकडचा समजही सोडायला हवा. भारतातल्या हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन मॅन्युअलसोबत ४२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं आणि ऑटोमॅटिकसोबत ५००. व्ही-क्रॉसमध्ये दोन्हींना ३६०.

पण या गाड्या माल वाहायला घ्यायच्या नव्हेत. चार दरवाजे, पाच सीट, मागे आखूड हौदा, किंमत मालवाहू पिकअपच्या कितीतरी पट, आणि पासिंग खासगी, म्हणजे पांढरी पाटी. धंद्याचे कॅन रोज त्यात वाहायचे म्हटलं तर आरटीओ आणि विमा दोन्हींकडे अडचण. पुतण्या शोरूममधून परतला तो ब्रोशर घेऊन, पण आवाज उतरलेला. टनाच्या वर माल नेणाऱ्या ज्या साध्या पिकअप त्याने पाहिल्या, त्यांत सगळीकडे मॅन्युअलच होतं.

दुसरा पर्याय एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सुचवला: आहे त्याच गाडीला बाहेरून ऑटो क्लचचं किट. पेडल दाबायचं काम मोटर करते, गिअर हातानेच टाकायचा. गुडघा वाचला असता, क्लच नाही. प्लेट तीच आणि घसरणं तेच, फक्त दाबणारा पाय बदलला. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. फिटनेसला गाडी गेली की प्रश्न, अपघात झाला तर विम्याचा त्याहून मोठा प्रश्न. मालकांनी हा पर्याय एका चहात निकालात काढला.

एएमटीचा विषयही निघाला. कारमध्ये आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून एएमटी घरोघरी पोचली, त्यामुळे ऑटोमॅटिक म्हणजे एएमटीच, असं पुष्कळांना वाटतं. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच क्लच आणि मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, त्यांना हलवणारी यंत्रणा तेवढी वरून बसवलेली. ती सेकंडमध्ये उठवत नाही, पाय विसरून क्लचवर ठेवत नाही, एवढा तिचा फायदा खरा. पण सरकत्या ट्रॅफिकमध्ये तिचाही क्लच घसरतो आणि तापतो. या लाइनवर तिने आठ महिन्यांचे बारा-तेरा केले असते, असा माझा अंदाज.

तिसरा पर्याय, गाडी तीच ठेवून पद्धत बदलायची. वजन मर्यादेत, उठाव पहिल्या गिअरमध्ये, सिग्नलला न्यूट्रल करून पाय खाली, क्लचचा फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) दर महिन्याला तपासायचा. खर्च जवळपास शून्य. पण काकाजींच्या गुडघ्याचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

चौथा पर्याय मालकांच्या मेहुण्याने सुचवला. त्याने गिअरचं नावही काढलं नाही. म्हणाला, "शहरात छोटी इलेक्ट्रिक गाडी घेऊन टाका ना." इलेक्ट्रिक मालवाहू गाडीत क्लच नसतो आणि बदलायचे गिअरही नसतात. मोटर शून्य वेगालाच पूर्ण जोर देते, त्यामुळे उठवण्यासाठी काही घसरवावंच लागत नाही. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा ६०० किलोची होती. २०२४ मध्ये एक टनाची आली. इतरही कंपन्यांच्या आहेत. पुतण्याला ऑटोमॅटिक पिकअपमधून जे हवं होतं, ते सगळं या बिनदिखाऊ डब्यात होतं.

निर्णयाचा दुसरा टप्पा: एक टन पुरेल का?

इथे घरात दोन दिवस वाद चालला. एक टन म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस कॅन. आजवर एका फेरीत सत्तर जात. मालकांचं म्हणणं, दोन फेऱ्या केल्या तर दुसरी फेरी अकराच्या आत संपणार नाही आणि गांधीबागेतले व्यापारी पाण्यासाठी थांबणार नाहीत. पुतण्या म्हणाला, सत्तर नेणं मुळात चूकच होतं, मर्यादेत नेले तर पिकअपमध्येही अठ्ठावन्नच बसतात, म्हणजे दुसरी फेरी तशीही आलीच.

हा मुद्दा निर्णायक ठरला. ओव्हरलोड हीच नेहमीची क्षमता धरून तुलना केली की कुठलीही नवी गाडी लहानच दिसते. प्लांट ते वर्धमान नगर अंतर थोडं, त्यामुळे दुसऱ्या फेरीने रोजचे दहा-बारा किलोमीटरच वाढणार होते.

मी एकच अट घातली: डीलरकडून डेमो गाडी दिवसभरासाठी घ्यायची आणि तीत रिकामं नाही, भरलेलं वजन टाकून पूर्ण लाइन फिरवायची. पहिल्या डीलरने रिकाम्या गाडीची एक चक्कर देऊ केली. दुसऱ्याने दिवसभर दिली. गाडी त्याच्याकडूनच घेतली गेली, आणि मला वाटतं तेच बरोबर झालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण निर्णय नावावर झाला नाही.

चार्जिंगचा प्रश्न सोपा निघाला. प्लांटला थ्री फेजचं औद्योगिक कनेक्शन होतं, गाडी रात्रभर उभीच असायची.

लायसन्सची शंका पुतण्याला होती. गरज पडली तर तो स्वतः चालवणार, पण त्याच्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स. ऑटोमॅटिक किंवा बिनगिअरच्या चारचाकीसाठी आपल्याकडे वेगळं लायसन्स लागत नाही. आणि ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही चालतं, वेगळी नोंद लागत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला शिक्कामोर्तब केलं. तो अडसर संपला.

काय केलं

शहराला इलेक्ट्रिक आली, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. तिथली पिकअप नवा क्लच टाकून राखीव ठेवली; हंगामात, लग्नाच्या ऑर्डरींना आणि छिंदवाड्याकडे जायला. बुटीबोरीची गाडी जिथे होती तिथेच. दोन्ही पिकअपच्या हौद्यात पुतण्याने पिवळ्या पेंटने पट्टी मारली: अठ्ठावन्न कॅन ज्या रांगेत संपतात त्या रांगेवर. पट्टीच्या पुढे कॅन ठेवायचा नाही.

नवी गाडी कुणी चालवायची, हा तिसरा निर्णय, आणि तो सगळ्यांनी गृहीत धरला तसा सरळ नव्हता. गुडघा काकाजींचा, म्हणून गाडी काकाजींना. पण काकाजींनाच ती नको होती. "हिले आवाजच नाही. चालू हाय का बंद हाय, समजाचं कसं?" तीस वर्षं ज्याने इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलले, त्याचा कानच रिकामा झाला होता.

पहिल्या आठवड्यात खरा त्रास डाव्या पायाने दिला. अरुंद गल्लीत समोर कुणी आलं की काकाजींचा डावा पाय आपोआप क्लच शोधायचा, आणि तिथे जवळ असायचा तो ब्रेक. क्लच दाबायची सवय म्हणजे पूर्ण पाय दाबायची सवय. गाडी जागेवर थिजायची, मागे कॅन एकमेकांवर आदळायचे. मस्कासाथेत अशाच एका दणक्याने चार कॅनची झाकणं उडून पाणी रस्त्यावर आलं. काकाजींनी उपाय स्वतःच काढला. डावी चप्पल काढायची आणि पाय मागे, सीटच्या खाली दुमडून ठेवायचा. अनवाणी पाय पुढे यायला लागला की त्यांना कळायचं. पंधरवड्यात चप्पल परत पायात आली.

ऑटोमॅटिकवर येणाऱ्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला हा टप्पा लागतो, आणि गाडी विकणारा कुणी तो सांगत नाही. पहिले काही दिवस रिकामी गाडी, मोकळं मैदान, फक्त उजवा पाय, एवढा सराव आधी करून घेतला असता तर ते चार कॅन वाचले असते.

राखीव पिकअपवर जो ड्रायव्हर बसतो, त्याला मिस्त्रीसमोर उभं करून जुनी प्लेट हातात दिली. व्याख्यान देण्यापेक्षा ते बरं. रिव्हेट दिसणारी प्लेट अजून प्लांटच्या भिंतीला खिळ्यावर लटकलेली आहे.

वर्षभरानंतर

बुटीबोरीच्या गाडीचा क्लच अजून मूळचाच आहे. राखीव पिकअपचा क्लच वर्षात उघडावा लागला नाही, पण ती चाललीच कमी, त्यामुळे त्याचं श्रेय सवयीला किती आणि विश्रांतीला किती हे वेगळं काढता येत नाही.

काकाजींच्या गुडघ्याची सूज उतरली आहे. जिना चढताना दुखतो, तो वयाचा भाग. पण संध्याकाळी बर्फ लावायची वेळ येत नाही, असं ते सांगतात. नोकरी सोडायचं बोलणं बंद झालं.

पैशाचा हिशेब पाहताना पुतण्याने एक घोटाळा केला होता, तो इथे सोडवून लिहितो. शहरातली पिकअप भरल्या वजनाने नऊच्या आसपास मायलेज द्यायची, म्हणजे रोजचं चारशे रुपयांचं डिझेल. इलेक्ट्रिक गाडी दोन फेऱ्यांना अकरा-बारा युनिट घेते. युनिट दहा रुपये धरलं तरी सव्वाशेच्या आत. पुतण्याने हा सगळा फरक "क्लच नसल्याचा फायदा" म्हणून लिहिला. तो तसा नाही. तो डिझेल आणि विजेतला फरक आहे. क्लच नसल्याने वाचले ते वर्षाचे पंधरा-सोळा हजार, हंगामातली भाड्याची गाडी आणि एक ड्रायव्हर. टॉर्क कन्व्हर्टरची डिझेल पिकअप घेता आली असती तर क्लचचे पैसे वाचले असते, इंधनाचे नाही. शहरात उलट थोडं डिझेल जास्तच गेलं असतं.

तोट्याच्या बाजूला हप्ता आहे. आणि दुसरी फेरी. गांधीबागेतली तीन गिऱ्हाइकं पहिल्या दोन महिन्यांत तुटली, एक परत आलं. पुढे पुतण्याने फेऱ्यांचा क्रम उलटा केला, लांबची गिऱ्हाइकं पहाटे आणि वर्धमान नगर शेवटी, तेव्हा वेळ बसला.

एकदा राखीव पिकअप दुसऱ्या कामावर होती म्हणून छिंदवाड्याच्या लग्नाची ऑर्डर इलेक्ट्रिक गाडीने नेता येईल का, असा विषय निघाला. सौसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. अंतर आणि चढ दोन्ही तिच्या आवाक्याबाहेर, म्हणून बेत तिथेच थांबला. घाटात मॅन्युअल पिकअपचा उपयोग चढापेक्षा उतारावर जास्त. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकलाही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, पण ती आठवणीने वापरावी लागते. नुसतं डी-मध्ये, म्हणजे गिअर गाडीनेच निवडायच्या नेहमीच्या खाचेत, टाकून घाट उतरणारे ब्रेकचं वाटोळं करतात. इलेक्ट्रिकमध्ये मोटर उलटी वीज तयार करून गाडी धरते, मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती धरण्याची ताकद कमी होते. घाटमाथ्यावर चार्ज करून लगेच उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला क्लच गेला तेव्हाच दोन गाड्यांची तुलना समोर होती. एकच मॉडेल, एकच वर्ष, आणि एकीचा क्लच टिकतो, दुसरीचा नाही. ड्रायव्हरांची आठवडाभराची अदलाबदल तेव्हाच केली असती तर आधीचा ड्रायव्हर गमवावा लागला नसता. ते फुकटचं काम होतं.

वजनाची पट्टी गाडी बदलण्याच्या आधी मारायला हवी होती. तीन महिने मर्यादेत वजन आणि पहिल्या गिअरमधला उठाव एवढंच करून पाहिलं असतं, तर क्लचचं आयुष्य किती वाढतं हे कळलं असतं आणि नव्या गाडीचा निर्णय फक्त गुडघ्यासाठी घ्यायचा आहे की खर्चासाठीही, हे स्वच्छ दिसलं असतं. आता तिन्ही बदल एकदम झाल्यामुळे कशाने किती फरक पडला ते सांगणं अवघड. मालकांना त्याची फिकीर नाही. हिशेब लिहिणाऱ्याला आहे.

दोन फेऱ्यांचं वेळापत्रक गाडी यायच्या आधी, जुन्याच पिकअपवर अठ्ठावन्न कॅन टाकून बसवून पाहता आलं असतं. गांधीबागेतली गिऱ्हाइकं कदाचित टिकली असती.

आता पुढचा प्रश्न बुटीबोरीच्या गाडीचा आहे. ती थकत चालली आहे. पुतण्या म्हणतो, तिथेही इलेक्ट्रिक. मालक म्हणतात, तिथे मॅन्युअल डिझेलच: रस्ता सरळ, थांबे मोजके, गाडी एकदा टॉपला पडली की परतेपर्यंत क्लचचं काम नाही. मला मालकांचं पटतं. पण वर्धा रोडवर पुढच्या वर्षी दोन नवी हॉटेलं आणि एक मोठं हॉस्टेल त्यांचं गिऱ्हाईक होणार आहे. ती लाइन तेव्हा कशी होते, ते पाहिल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, एवढं तूर्त ठरलं आहे.